आई-बाबांना घेऊन पोर्तुगाल: दहा दिवसांच्या प्रवासाची तयारी, पायरीपायरीने

आम्ही वसईचे. किल्ल्यातली पडकी चर्चं बघत लहानाचे मोठे झालो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, ती गोष्ट बाबांच्या तोंडून कितीदा ऐकली याची गणती नाही. त्यामुळे युरोपातला एकच देश बघायचा तर कुठला, यावर घरी फार खल झाला नाही. बाबा ७२ वर्षांचे, आई ६८ची. तिचे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी, आणि आई अंडंही खात नाही. असं कुटुंब घेऊन पोर्तुगालला जाता येतं आणि नीट जाता येतं, हे सांगायला हा लेख लिहिते आहे. तुमच्या घरी अशीच माणसं असतील तर पुढचं वाचून ठेवा.

कधी जायचं, किती फिरायचं

एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. मुलांच्या शाळेमुळे आपल्याकडे मे महिना सोयीचा पडतो आणि योगायोगाने तो तिथेही उत्तम असतो. दुपारी साधारण वीस-बावीस अंश, सूर्य मावळतो साडेआठनंतर, पाऊस तुरळक. जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या भागात, विशेषतः आलेंतेझु प्रांतात, पारा चाळिशी ओलांडतो आणि वणवे लागले की रस्ते, रेल्वे बंद पडतात. हिवाळा सौम्य म्हणतात, पण जुन्या घरांत हीटरची सोय नसते. बाहेरपेक्षा घरातच जास्त गारठतं.

तारखा ठरवताना एवढं बघा. १३ मे आणि १३ ऑक्टोबरला फातिमा या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राची मोठी यात्रा भरते. १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये संत अंतोनीचा उत्सव असतो, रस्तोरस्ती सार्डिन मासे भाजतात. २३ जूनच्या रात्री पोर्तोत सांव जुआंव असतो, म्हणजे गोव्यात त्या सणाला विहिरीत उड्या मारतात तोच. उत्सव बघायचा असेल तर मुद्दाम जा, पण खोली चार-पाच महिने आधी धरा. १ मेला बहुतेक संग्रहालयं बंद असतात आणि एरवी बरीचशी सोमवारी.

दहा दिवसांत सगळा देश बघायचा हट्ट सोडा. आम्ही दोनच मुक्काम केले: लिस्बन पाच रात्री, पोर्तो चार रात्री. सिंत्रा, कोइंब्रा, दोरू नदीचं खोरं ही सगळी एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं. रोज बॅगा भरायच्या, रोज नवा जिना चढायचा, यात वयस्कर माणसं सगळ्यात जास्त दमतात. समुद्रकिनाऱ्यासाठी आलगार्व्हला जायची गरज मला तरी वाटत नाही. कोकणच्या माणसाला अटलांटिकचं पाणी फार गार लागतं.

व्हिसा

पोर्तुगाल शेंगेन देशांपैकी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी, एक. अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. व्हीएफएसचा सेवाआकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निकालाला नियमाने पंधरा दिवस, काही वेळा पंचेचाळीसपर्यंत. मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच अर्ज द्या, कारण मार्चनंतर भेटीची वेळच मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. ज्येष्ठांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांचं काय, ते अक्षर न अक्षर वाचा. स्वस्तातल्या विम्यात मधुमेह, रक्तदाब वगळलेले असतात.

पैशांबाबत पोर्तुगालचा हिशेब सोपा आहे: प्रत्येक माणशी प्रवेशाचे ७५ युरो आणि मुक्कामाच्या दर दिवसाला ४० युरो एवढी ऐपत दाखवायची. दहा दिवसांचे ४७५ युरो झाले. प्रत्यक्षात बँकेचा उतारा याहून सशक्त दिसलेला बरा. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरली तर ती कुठून आली याचा कागद जोडा. आई-बाबांचा खर्च मी करत होते, म्हणून माझं आयकर विवरण, माझा उतारा, नात्याचा पुरावा आणि एक पानी पत्र त्यांच्या अर्जाला लावलं. पत्रात कोण, कुठे, किती रात्री, खर्च कोणाचा, एवढंच लिहिलं. लांबलचक पत्र कोणी वाचत नाही.

सोबत स्पेन जोडत असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतरणार, त्याच्याकडे.

विमान

भारतातून लिस्बनला थेट विमान नाही. दुबई किंवा इस्तंबूलला विमान बदललं तर इमिग्रेशन लिस्बनला होतं. फ्रँकफर्ट, पॅरिसला बदललं तर ते तिथेच होतं, म्हणून तिथे तीन तास तरी हाताशी ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. खिडकीवर चेहऱ्याचा फोटो घेतात आणि रांग हळू सरकते. आई-बाबांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली होती. ती फुकट असते, आणि मला विचाराल तर संकोच न करता मागावी.

तिकीट शक्यतो ‘लिस्बनला उतरणं, पोर्तोहून निघणं’ असं काढा. इस्तंबूलमार्गे ते जमतं आणि परत लिस्बनला यायचा एक दिवस वाचतो. घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. स्पेनपेक्षाही पोर्तुगाल एक तास मागे, सीमा ओलांडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मुक्काम: आधी पत्ता वाचायला शिका

आमची खरी चूक इथे झाली. छायाचित्रांत सुंदर दिसणारं एक भाड्याचं घर मी घेतलं, जुन्या आल्फामा भागात. पत्त्यात ‘४ एश्क.’ असं काहीतरी होतं, मी दुर्लक्ष केलं. त्याचा अर्थ चौथा मजला, डावीकडचं दार. लिफ्ट नाही. लाकडी जिना इतका अरुंद की बॅग आडवी धरता येईना. आई प्रत्येक मजल्यावर दोन मिनिटं पायरीवर बसत वर गेली. दुसऱ्या दिवशी पैसे सोडून आम्ही दुसरीकडे गेलो.

तेव्हा नीट समजून घ्या. ‘रेझ-दु-शांव’ म्हणजे तळमजला, पत्त्यात तो R/C अशा दोन अक्षरांनी येतो. ‘एश्केर्दु’ डावं, ‘दिरेइतु’ उजवं. दारावर नावाची पाटी नसते, बेलच्या बटणावर मजला आणि बाजू एवढंच असतं. लिफ्टला ‘एलेव्हादोर’ म्हणतात. घर घेण्याआधी मालकाला लेखी विचारा: लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

लिस्बनमध्ये ज्येष्ठांसोबत राहायला बायशाचा सपाट भाग किंवा साल्दान्या, आव्हेनिदाच्या बाजूची मेट्रोजवळची हॉटेलं चांगली. बायशा सपाट आहे आणि तिथले रस्ते काटकोनात आहेत, कारण १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात ते सगळं जमीनदोस्त झालं आणि राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल याने ते नव्याने आखून घेतलं. पोर्तोत त्रिंदाद किंवा बोल्यांव स्टेशनजवळ राहा. दोन्ही शहरांत पर्यटक कर लागतो: लिस्बनला माणशी रात्रीला ४ युरो, पोर्तोला ३. तो बहुधा हॉटेलच्या बिलाबाहेर, तिथे गेल्यावर घेतात.

पादत्राणांबद्दलही इथेच सांगते. दोन्ही शहरांचे बरेच पदपथ लहान लहान चौकोनी दगडांचे आहेत. वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते गुळगुळीत झालेत आणि पावसाच्या चार थेंबांनी शेवाळलेल्या पायरीसारखे निसरडे होतात. रबरी, खाचांचा तळ असलेले बूटच घ्या. आईच्या चपला मी बॅगेतून बाहेर काढू दिल्या नाहीत.

विमानतळावरून शहरात, पहिला अर्धा तास

लिस्बनचं विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोची लाल मार्गिका तिथूनच सुटते. मेट्रो सकाळी साडेसहा ते रात्री एक. खाली उतरलात की तिकिटांची यंत्रं दिसतील आणि त्यांच्यासमोर गोंधळलेली माणसं. असं करा:

१. पडद्यावर इंग्रजी निवडा. मग ‘कार्ड नाही’ हा पर्याय.

२. जितकी माणसं तितकी ‘नावेगांत’ कार्डं घ्या, प्रत्येकी अर्धा युरो. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. बाबांनी कार्ड लावलं, तेच मागे आईला दिलं, आणि आई फाटकाच्या अलीकडे अडकली. पाच मिनिटं आम्ही काचेच्या दोन बाजूंना उभे.

३. कार्डात ‘झॅपिंग’ भरा, म्हणजे आपल्या मोबाइलच्या रिचार्जसारखी शिल्लक. चार-पाच दिवसांना माणशी १५ युरो पुरतात. सुट्या तिकिटापेक्षा झॅपिंगचा दर कमी पडतो, आणि तेच कार्ड ट्राम, बस, सिंत्राची लोकल, नदीवरची फेरी सगळीकडे चालतं.

४. झॅपिंग भरलेल्या कार्डात शिल्लक संपेपर्यंत दुसरं तिकीट चढत नाही. दिवसाचा पास हवा असेल तर वेगळं कार्ड.

५. आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड लावायचं. फेकू नका.

बॅगा जड असतील तर अॅपवरून टॅक्सी बोलवा. चौघांचे मेट्रोचे पैसे आणि टॅक्सीचं भाडं यांत फार अंतर नसतं.

लिस्बन, गुडघे सांभाळून

शहर टेकड्यांवर आहे आणि चढ खरोखरच दमवतात. पण ते टाळायच्या युक्त्या स्थानिकांना ठाऊक असतात. किल्ल्याकडे जायचं तर बायशातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती वरच्या गल्लीत सोडते. दोन मिनिटं चाललं की सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट. दोन्ही फुकट. निम्मा डोंगर असाच चढून होतो. तसंच बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचे सरकते जिने तुम्हाला खालच्या रस्त्यावरून थेट शियादुच्या चौकात नेतात.

२८ नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांनाच हवी असते. मार्तिं मोनीज चौकात तासभर रांग लागते. त्याऐवजी सकाळी आठच्या आत दुसऱ्या टोकाला, काम्पु द ओरीक भागात जा आणि तिथून बसा, जागा मिळते. गर्दीच्या वेळी त्या ट्राममध्ये पाकीटमार असतात, मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका. चढावर केबलने ओढल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांवर बेत आखू नका: ३ सप्टेंबर २०२५ ला त्यांतली ग्लोरिया नावाची गाडी रुळांवरून घसरली, १६ माणसं गेली, आणि नंतर तशा गाड्या तपासणीसाठी बंद ठेवल्या गेल्या.

बेलेमला १५ नंबरची ट्राम जाते. जेरोनिमोस मठाच्या अंगणाचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. शेजारच्या चर्चला तिकीट नाही आणि त्याची रांगही वेगळी असते. आत शिरल्याबरोबर डावीकडे वास्को द गामाची कबर, उजवीकडे लुईश द कामोइंश या महाकवीची, जो काही वर्षं गोव्यात राहिला होता. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, नंतर त्याचे अवशेष इकडे आणले. बाबा त्या दगडी जहाजाच्या कोरीवकामासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “आपल्याकडचं सगळं इथून सुरू झालं.” एवढंच. मला त्या एका वाक्यासाठी अख्खा प्रवास सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

आपल्या माणसांनी म्युझेउ दु ओरिएंत जरूर बघावं. आल्कांतारा बंदरावर, खारवलेल्या माशांच्या जुन्या गोदामात ते आहे. गोव्याकडचं हस्तिदंती काम आणि लाकडी कपाटं बघितली की आपल्या आजोळच्या माजघराची आठवण येते. आणि एका संध्याकाळी काइश दु सोद्रेहून पलीकडच्या कासिल्यासला जाणारी साधी फेरीबोट घ्या. दहा मिनिटांचा प्रवास, झॅपिंगवर, आणि सूर्यास्ताला सगळं शहर समोर.

सिंत्रा

रोसियु स्टेशनातून लोकल, चाळीस मिनिटं. पेना राजवाड्याच्या तिकिटावर जी वेळ असते ती राजवाड्याच्या दारातली, बागेच्या फाटकावरची नाही. फाटकापासून दारापर्यंत चढाचा अर्धा तास धरा, आत मिनीबस असते ती ज्येष्ठांसाठी घ्याच. उशीर झाला तर आत सोडत नाहीत. स्टेशनहून ४३४ नंबरची बस वर जाते. खाली ऊन असलं तरी वर धुकं आणि बोचरा वारा असतो, स्वेटर हवा. एका दिवसात दोनच वास्तू बघा. पेना आणि किंता दा रेगालेइरा, किंवा ज्यांना चालवत नाही त्यांनी मोंसेरातची बाग. तिथे गर्दी कमी आणि मला ती सगळ्यात जास्त आवडली.

रेल्वेने पोर्तोला

रेल्वेला ‘कोंबोयु’ म्हणतात, सरकारी कंपनी सेपे. लिस्बनच्या सांता आपोलोनिया किंवा ओरिएंत स्टेशनातून आल्फा पेंदुलार गाडी सुमारे तीन तासांत पोर्तोच्या काम्पान्यांला पोहोचते. तिकिटं साठ दिवस आधी उघडतात आणि तेव्हा बरीच सवलत असते. ६५ वर्षांवरच्यांना तिकीट निम्म्या दरात, परदेशी असले तरी. तिकीट काढताना तो पर्याय निवडायचा आणि पासपोर्ट जवळ ठेवायचा. सवलतीसाठी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा वय सांगताना आनंद व्यक्त केला.

‘ग्रेव्ह’ हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे संप. रेल्वेत तो वरचेवर होतो. काही दिवस आधी जाहीर करतात, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात बातम्या बघत राहा. पर्याय म्हणून सेते रियुशच्या बसस्थानकातून बसगाड्या असतात.

पोर्तोचं कार्ड वेगळं, ‘आंदांत’, ६० सेंटचं. तिथल्या मेट्रोला बहुतेक ठिकाणी फाटकंच नाहीत, खांबावरच्या पिवळ्या यंत्राला कार्ड लावायचं, आणि गाडी बदलली की पुन्हा लावायचं. फाटक नाही म्हणून लोक विसरतात आणि तपासनीस दंड करतो. सांव बेंतु स्टेशनाच्या दालनात सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशांवर इतिहास रंगवला आहे. ते बघायला तिकीट लागत नाही. तिथूनच दोरूच्या खोऱ्यात पिन्यांवला गाडी जाते, अडीच तास. जाताना उजव्या बाजूला बसा, नदी त्याच बाजूला असते.

खाणं: अर्धे शब्द तुम्हाला येतातच

इथे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण शाकाहारी माणसाला भीती याचीच वाटते.

पहिल्या दिवशी आईने फळ्यावरचा खडूने लिहिलेला मेनू मला वाचून दाखवायला सांगितला. मी वाचत गेले: बताता. कोव्ह. पांव. अनानाश. आई थांबवून म्हणाली, “अगं, हे तर आपलंच.” बटाटा, कोबी, पाव, अननस. ‘प्रातु’ म्हणजे ताट, आपली परात तिथूनच आली. ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. किल्लीला ‘शाव्ह’, आपली चावी. दारूच्या मोठ्या लाकडी पिंपाला ‘पिपा’. चहा ‘शा’, तो मूळचा चीनचा, दोघांकडे वेगवेगळ्या वाटेने आला. एवढे शब्द खिशात घेऊन दुसऱ्या कुठल्या युरोपीय देशात मराठी माणूस उतरत असेल असं मला वाटत नाही.

बाकी वाक्यं पाठ करा. पुरुषाने ‘सोउ व्हेजेतारियानु’, बाईने ‘व्हेजेतारियाना’. पण त्यावर थांबू नका, काहींच्या मते मासा चालतो. म्हणून पुढे जोडा: ‘सें कार्न, सें पेइश’, मांस नको, मासा नको. अंडं नको तर ‘सें ओवुश’. आभार मानताना पुरुष ‘ओब्रिगादु’, बाई ‘ओब्रिगादा’. दुकानात शिरताना आधी ‘बों दिआ’, दुपारनंतर ‘बोआ तार्द’. नमस्काराशिवाय थेट मागणं तिथे उद्धट समजतात. स्पॅनिश झाडू नका.

फसवे पदार्थ: ‘काल्दु व्हेर्द’ हे हिरव्या पानांचं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात शोरिसुची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती असते. ‘तोश्ता मिश्ता’ म्हणजे चीज सँडविच नव्हे, त्यात हॅम असतो. ‘सो कों केइजु’ म्हणा, म्हणजे फक्त चीज. काउंटरवर आपल्या समोशासारखी ‘शामुसा’ दिसेल, ती आपल्याकडूनच तिथे गेली, पण बहुधा खिम्याची. ‘द लेगूमश’ आहे का विचारा. ‘तोसिन्यु दु सेउ’ या मिठाईच्या नावाचाच अर्थ स्वर्गातली डुकराची चरबी असा आहे. प्रसिद्ध पास्तेल द नाता अंड्याच्या बलकाची, बाबांनी दालचिनी भुरभुरून रोज खाल्ली.

आईने काय खाल्लं? भाज्यांचं सूप, बिन्सचा भात, टोमॅटो भात, ठेचून ऑलिव्ह तेलात भाजलेले बटाटे, मक्याची भाकरीसारखी घट्ट ‘ब्रोआ’, ताजं पनीरसारखं ‘केइजु फ्रेश्कु’ आणि त्यावर ‘मार्मेलादा’, म्हणजे क्विन्स फळाची वडी. सूप मांसाच्या पाण्यात शिजवलंय का ते मात्र विचारावं लागतं. मे-जूनमध्ये चेरी भरपूर. सुपरमार्केटमध्ये दही, पाव, फळं स्वस्त मिळतात. आपल्या चवीचं जेवण हवं तर लिस्बनच्या लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, तिथल्या भोजनालयात गुजराती पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळतं. वेळ विचारून जा. मार्तिं मोनीजच्या आसपास डाळ-तांदूळ, मसाले, लोणची सगळं दुकानात आहे.

टेबलावर बसलात की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतात. त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात आणि ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता ‘नांव, ओब्रिगादा’ म्हणून परत करा, कोणी रागावत नाही. दुपारी ‘प्रातु दु दिआ’, दिवसाचं ताट, स्वस्त पडतं. जेवण साडेबारा ते तीन, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघरं बंद असतात, औषधं घेणाऱ्यांनी सोबत काहीतरी ठेवावं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. बिल: ‘आ कोंता, फाश फावोर’. टीप ऐच्छिक.

पैसे देताना कॅशिअर काहीतरी ‘कोंत्रिबुइंत?’ असं विचारेल. तो तुमचा तिथला कर क्रमांक मागतोय. ‘नांव’ म्हणा आणि मोकळे व्हा. बेकरीत, औषधाच्या दुकानात आधी यंत्रातून ‘सेन्या’, नंबराची चिठ्ठी, घ्यायची असते. ती न घेता उभे राहिलात तर मागून आलेले पुढे जातील. चालायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठांना, गरोदर बायकांना, तान्हं मूल घेतलेल्यांना रांगेत अग्रक्रम द्यायचा तिथे कायदा आहे. ‘प्रिओरितारियु’ असा फलक दिसला की पुढे जा.

पैसे

निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा. रोख काढायला ‘मुल्तिबांकु’ची यंत्रं वापरा. विमानतळावरची, पर्यटनस्थळांवरची रंगीत खासगी यंत्रं दर वाईट देतात. यंत्राने ‘रुपयांत घेऊ का’ विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. छोट्या खानावळींत फक्त स्थानिक कार्ड चालतं, म्हणून माणशी शंभरेक युरो रोख ठेवाच. २८ एप्रिल २०२५ ला सगळ्या पोर्तुगाल-स्पेनची वीज दिवसभर गेली होती. मेट्रो बंद, कार्डं बंद. अशा वेळी खिशातली रोख आणि कागदावर छापलेला हॉटेलचा पत्ता एवढंच कामाला येतं.

तब्येत आणि सुरक्षितता

तातडीला ११२. हिरव्या क्रॉसची दुकानं औषधांची. रात्री कुठलं उघडं आहे ते दारावर लिहिलेलं असतं. डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावानिशी न्या, आपली ब्रँडची नावं तिथे कळत नाहीत. बायशात कोणी कानाशी येऊन अमली पदार्थ विकू पाहील, न थांबता पुढे चला. पाकीट गेलं तर रेश्तावरादोरेश चौकात पर्यटकांसाठीची पोलीस चौकी आहे, तक्रारीची प्रत घ्या, विम्याला लागते. कुठल्याही दुकानात, हॉटेलात अन्याय झाला तर ‘लिव्रु द रेक्लामासोइंश’ मागा. हे तक्रार-पुस्तक प्रत्येकाला ठेवावंच लागतं, आणि बहुतेक भांडणं ते मागितल्याबरोबर मिटतात. प्लगला गोल पिनांचा युरोपीय अडॅप्टर लागेल, व्होल्टेज आपल्याइतकंच.

परतताना

पोर्तोच्या विमानतळाला मेट्रोची जांभळी मार्गिका जाते, तिकीट चार झोनचं घ्यायचं, शहरातलं दोन झोनचं चालत नाही. करपरतीच्या पावत्या असतील तर बॅगा देण्याआधी त्या यंत्रावर तपासून घ्या. लिस्बनची नावेगांत कार्डं वर्षभर चालतात, त्यामुळे आमची चारही मी घरी आणली. शिल्लक सव्वासात युरो होती. पुढच्या महिन्यात गल्लीतलं एक कुटुंब निघालं आहे, ती त्यांना दिली आणि सोबत या यादीची छापील प्रत. आईने तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने एकच ओळ लिहिली आहे: लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या किती.